जुने ते सोने, पण कसाला लावून

बँकेच्या शाखेत एखादी गृहिणी सोन्याच्या बांगड्या तारण ठेवण्यासाठी घेऊन येते, तेव्हा त्या तपासणारा सराफ बांगड्यांच्या नक्षीवर भुलत नाही. तो त्या कसोटीच्या दगडावर घासतो, त्यावर आम्ल सोडतो, वजन करतो आणि मगच आकडा सांगतो. बांगड्या आजीच्या आहेत की लग्नात आलेल्या, हे तो आदराने ऐकून घेतो. पण त्या कथेचा आकड्याशी संबंध नसतो. त्याच शाखेत, कदाचित त्याच दिवशी, एखादा तरुण जुन्या गाडीसाठी कर्ज मागायला येतो. गाडीचा रंग, तिच्या चाकांची चमक, इंजिनाचा आवाज यांविषयी तो भरभरून बोलतो. गाडी कोणाकडून तपासून घेतली, असे विचारले की त्याचे उत्तर बहुधा एकच असते : ‘चालवून पाहिली, मस्त पळते.’

‘जुने ते सोने’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. परंतु सोने कसाला लावल्याखेरीज घेऊ नये, हा त्या म्हणीचा न सांगितलेला उत्तरार्ध आहे. साध्या प्रवासी गाडीच्या बाबतीत त्याचा विसर पडला तर थोडेफार नुकसान होते. परंतु ज्याला आज सर्रास ‘परफॉर्मन्स कार’ म्हटले जाते, त्या शक्तिशाली व वेगवान गाडीच्या बाबतीत हा विसर संसाराचे अंदाजपत्रक कोलमडून टाकू शकतो; प्रसंगी जिवावरही बेतू शकतो. म्हणूनच या विषयाचा विचार हौसेच्या पलीकडे जाऊन होणे आवश्यक आहे.

स्वप्न आवाक्यात येते तेव्हा

भारतीय मध्यमवर्गाला वेगवान गाडीची ओढ काही कालपरवा लागलेली नाही. २००१ साली फियाटने पॅलिओचे १.६ लिटर इंजिनाचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे रूप बाजारात आणले, तेव्हा लहान गाडीही चपळ असू शकते याचा प्रत्यय अनेकांना आला. २००४ मध्ये स्कोडाची ऑक्टाविया आरएस १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन व १५० अश्वशक्ती घेऊन आली. २०१३ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, केवळ १.२ लिटरचे इंजिन, परंतु टर्बोच्या साहाय्याने १०५ अश्वशक्ती आणि सोबत दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही पोलो महाराष्ट्राबाहेरही, बंगळूरु, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांतल्या तरुणांच्या मनात घर करून राहिली. पुढे २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आणि २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची नवी ऑक्टाविया आरएस आली.

या गाड्या नव्या असताना ज्यांनी केवळ दुरून पाहिल्या, ते आज कमावते झाले आहेत. आणि नेमक्या याच गाड्या जुन्या बाजारात त्यांच्या आवाक्यातल्या किमतीला दिसू लागल्या आहेत. महाविद्यालयात असताना वहीच्या शेवटच्या पानावर रेखाटलेली गाडी हप्त्यांच्या हिशेबात बसते आहे, हे लक्षात आल्यावर मन हरखून जाणे स्वाभाविक आहे. त्यात गैर काहीच नाही. गाडीच्या मूल्यातील सर्वात मोठी घट पहिल्या काही वर्षांत होते आणि ती पहिल्या मालकाने सोसलेली असते. त्या अर्थी जुनी गाडी घेणे हा शहाणपणाचा व्यवहारही ठरू शकतो.

मात्र या व्यवहारात एक गफलत दडलेली आहे. गाडीची किंमत वर्षागणिक घटते. तिच्या सुट्या भागांची, इंजिन ऑइलची, टायरची आणि कारागिराच्या मजुरीची किंमत घटत नाही, उलट वाढतच जाते. नवी असताना सुमारे पंचवीस लाखांची असलेली गाडी काही वर्षांनी दहा लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो, तिचे ब्रेक आणि तिचा गिअरबॉक्स पंचवीस लाखांच्या गाडीचेच राहतात. खरेदीदार दहा लाखांच्या गाडीची तयारी ठेवतो आणि पंचवीस लाखांच्या गाडीचा सांभाळ त्याच्या गळ्यात पडतो. जुनी परफॉर्मन्स कार घेताना जी काही तपासणी करायची, ती या एका सत्याच्या प्रकाशात करायची असते. मागच्या मालकाने हा खर्च केला आहे की टाळला आहे, हाच प्रत्येक तपासणीमागचा खरा प्रश्न होय.

इंजिनाआधी कागद

बहुतेक ग्राहक प्रथम गाडी पाहतात, मग कागदपत्रे. हा क्रम उलटा हवा. गाडीवर मन जडल्यानंतर कागदांतील त्रुटी क्षुल्लक वाटू लागतात.

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, हा पहिला दस्तऐवज. त्यावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. सतरा चिन्हांच्या चासी क्रमांकात एका अक्षराचा फरक दिसला किंवा कोरीव भागावर घासल्याच्या खुणा आढळल्या, तर तेथूनच नमस्कार करून परतावे. मालकांची संख्या, विम्याची मुदत, प्रलंबित दंडाची चलाने आणि बँकेचा बोजा यांची पडताळणी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर करता येते. विक्रेत्याने दाखवलेल्या छायाप्रतीवर विसंबण्याचे दिवस केव्हाच संपले आहेत.

बोजाचा मुद्दा बँकेच्या ग्राहकांनी विशेष लक्षात घ्यावा. आधीच्या मालकाने कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर आरसीवर त्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या नावे हायपोथिकेशनची नोंद असते. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप पुसली जाईलच असे नाही. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात दाखल करावा लागतो. ‘कर्ज केव्हाच फेडले आहे, नोंद तेवढी काढायची राहिली आहे’ हे वाक्य ऐकले की ग्राहकाने शांतपणे सांगावे, ‘ती आधी काढा, मग पुढचे बोलू.’

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व फॉर्म ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र फॉर्म २८ द्वारे घ्यावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची माहिती कळवणे अपेक्षित आहे. पुष्कळ जण सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन महिनोन्महिने गाडी तशीच वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मालक. गाडी मध्यंतरी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदावरील मालकावर येते. कोऱ्या सह्यांचा व्यवहार विकणाऱ्यालाही धोक्याचा आहे, ही गोष्ट विकणाऱ्या ग्राहकांनीही ध्यानात ठेवावी.

विम्याची गोष्ट थोडी निराळी. गाडी विकली गेल्यावर तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते; मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून विमापत्र आपल्या नावे करून घेतले पाहिजे. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून माणसाचा असतो; तो जुन्या मालकाबरोबर जातो. त्यामुळे विम्याचा हप्ता विक्रेत्याने सांगितला त्याहून अधिक येणार, हे गृहीतच धरावे. शिवाय विमा कंपनीकडून मागील दाव्यांचा तपशील मिळवता आला, तर गाडीच्या अपघातांचा इतिहास विक्रेत्याच्या शब्दांविना कळतो.

परराज्यातील स्वस्त गाडीचे आकर्षण मोठे असते. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुन्या गाड्यांच्या वापरावर २०१५ पासून निरनिराळे निर्बंध आले आणि न्यायालयीन आदेशांनी ते वेळोवेळी बदलतही गेले. त्यामुळे तेथील गाड्या इतर राज्यांत कमी किमतीला येतात. परंतु नव्या राज्यात रस्ताकर पुन्हा भरावा लागतो आणि मूळ राज्यातील कराचा परतावा मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात. हा खर्च किमतीत मिळवला, की स्वस्ताई बरीच ओसरते. मध्यस्थामार्फत खरेदी करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली आहे. ते अधिकारपत्र पाहण्यास मागावे. त्यात संकोच कसला?

बदललेली गाडी

परफॉर्मन्स कारचा सर्वात मोठा धोका तिच्या वयात नसतो, तर तिच्यावर झालेल्या प्रयोगांत असतो. कंपनीने घडवलेल्या गाडीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि थंड ठेवणारी यंत्रणा यांचे एक संतुलन असते. गाडीच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘रीमॅप’ करून, टर्बो इंजिनाची शक्ती वाढवता येते. संगणकाला हे तासाभराचे काम. पण क्लच आणि गिअरबॉक्स मात्र जुन्याच शक्तीसाठी घडवलेले असतात. वाढीव ताण ते काही काळ निमूटपणे सोसतात आणि नेमके दुसऱ्या मालकाच्या दारात मान टाकतात.

अनेक विक्रेते गाडी विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली पुन्हा बसवतात. तरीही खुणा उरतात : बदललेली एअर फिल्टरची पेटी, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, कापून आखूड केलेल्या स्प्रिंगा, मूळ मापाहून रुंद टायर. मूळ सुटे भाग सोबत मिळणार का, हे विचारावे. ‘ते कुठेतरी टाकले’ या उत्तराचा अर्थ, गाडी पूर्वस्थितीत आणण्याचा खर्च नव्या मालकाचा.

यास कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. बदल कोणी केला हा वाद रस्त्यावर अडवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी कसा आड येईल, हेही सांगता येत नाही. म्हणून शक्यतो कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी निवडावी. ती थोडी महाग पडली तरी शेवटी स्वस्त पडते.

थंड इंजिनाची साक्ष

गाडी पाहायला सकाळी जावे आणि विक्रेत्याला इंजिन आधी सुरू न करण्याची विनंती करावी. तरीही बॉनेट गरम लागले, तर का, हे विचारावे. थंड इंजिन सुरू होताना जे सांगते, ते तापल्यावर सांगत नाही. पहिल्या क्षणीची खडखड, अस्थिर फेरे, धूर या साऱ्यांची नोंद घ्यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दाट, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कुलंट ज्वलनकक्षात शिरत असण्याची शक्यता. काळा धूर म्हणजे इंधनाचे प्रमाण बिघडले आहे. थंडीच्या दिवसांत सुरुवातीची विरळ वाफ मात्र स्वाभाविक असते, तिने घाबरून जाऊ नये.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याचा सारा आधार इंजिन ऑइलच्या पातळ थरावर असतो. ऑइल वेळेवर बदलले नाही, किंवा भरधाव चालवून गाडी तत्काळ बंद करण्याची सवय असली, तर तेथील ऑइल करपून टर्बो अकाली झिजतो. म्हणून ऑइल केव्हा, किती अंतराने आणि कोणत्या प्रतीचे घातले, याच्या पावत्या हा गाडीचा खरा आरोग्यपट होय. जेथे पावत्या नाहीत, तेथे ‘सगळे वेळेवर केले आहे’ या विधानाला काही किंमत नाही. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो शेवटचा केव्हा बदलला, हेही असेच पावतीवरून पाहावे. कारण तो तुटला तर बहुतेक इंजिनांत झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीकडे पाहू लागतो.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे दोन प्रकार आहेत : कोरड्या क्लचचा आणि तेलात बुडालेल्या क्लचचा. शहरातल्या मुंगीच्या गतीच्या रहदारीत कोरडा क्लच तापतो व झिजतो. तेलातल्या प्रकारात ठरलेल्या अंतराला तेल बदलणे अनिवार्य असते. चाचणी फेरी म्हणूनच मोकळ्या महामार्गावर तसेच चढावर आणि गर्दीतही घ्यावी. हळू चालताना धक्के, मागे-पुढे घेताना अडखळणे किंवा एखादा गिअर पडताना होणारा विलंब ही पूर्वसूचना समजावी. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम ॲक्सिलरेटर दाबून पाहावे. इंजिनाचे फेरे चढले पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे.

टायर पुष्कळ काही सांगून जातात. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दर्शवतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबराची जाडी शिल्लक असली तरी जुने, कडक झालेले टायर वेगात पकड सोडतात. चार चाकांवर चार निरनिराळ्या कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले, तर मालकाने जेथे काटकसर करू नये तेथे केली, हे समजावे. जी काटकसर डोळ्यांना दिसते तीच इंजिनात, डोळ्यांआडही झालेली असण्याचा संभव असतो. ब्रेक डिस्कच्या कडेला उंच काठ तयार झाला असेल किंवा ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल, तर तो खर्चही किमतीच्या बोलणीत धरावा.

निदान-यंत्र गाडीला जोडून तिच्या संगणकातील दोषांची नोंद अवश्य वाचावी. येथे एक बारकावा आहे. दोषांची नोंद पुसता येते. मात्र ती नुकतीच पुसली असेल, तर संगणकाच्या अंतर्गत स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. कोरी पाटी म्हणजे निर्दोष गाडी नव्हे. मीटरवरील किलोमीटरचा आकडाही फिरवला जाऊ शकतो, म्हणून तो सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा. स्टिअरिंगची झिजलेली कातडी आणि गुळगुळीत झालेली पेडलची रबरे यांच्याशीही त्याचा मेळ बसला पाहिजे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता दिवाच बंद केला असल्याची शंका घ्यावी.

आणि पाणी! २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढे २०१५ मध्ये चेन्नई, २०१८ मध्ये केरळ आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने तेच पाहिले. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात. सीटखालच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालचा सुकलेला गाळ, दिव्यांच्या काचेआडची वाफ, पूर्ण ओढून पाहिलेल्या सीटबेल्टवर उमटलेली पाण्याची रेषा या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. जितकी गाडी आधुनिक, तितकी तिच्यात विजेची यंत्रणा अधिक आणि तितके पाण्याचे दुखणे चिवट.

इंधनाचाही विचार हवा. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या त्या मिश्रणासाठी खास घडवलेल्या नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत इंधनाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे, इंधननलिका व रबरी जोड तपासावेत.

एवढे सारे ग्राहकाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा नाही. त्या विशिष्ट गाडीवर हात बसलेला, विक्रेत्याशी लागाबांधा नसलेला मेकॅनिक सोबत न्यावा. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. त्यासाठी काही हजार रुपये गेले तरी ते खर्च नव्हेत, तो विमाच आहे. आणि विक्रेता अशा तपासणीला नकार देत असेल, तर तो नकार हाच तपासणीचा निष्कर्ष मानावा.

हौस आणि हिशेब

काही वडीलधारी माणसे म्हणतील, असली गाडी घ्यावीच कशाला? साधी, नवी, हमी असलेली गाडी त्याच पैशांत येते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते संपूर्ण सत्य नाही. अशा गाड्यांचे काही मालक त्यांची निगा स्वतःच्या प्रकृतीपेक्षा अधिक काळजीने राखतात. प्रत्येक पावती फाइलला लावणारा, दोष स्वतःहून सांगणारा आणि ‘तुम्ही ही कुठे ठेवणार?’ असा उलट प्रश्न विचारणारा विक्रेता भेटला, तर ती गाडी घेण्याजोगी असण्याचा संभव मोठा. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु हौसेला हिशेब असावा लागतो.

तो हिशेब कसा मांडावा? उदाहरणादाखल, आठ लाखांचे कर्ज बारा टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७,८०० रुपये पडतो आणि मुदतीअखेर व्याजापोटी सुमारे २ लाख ६८ हजार रुपये गेलेले असतात. बहुतेक ग्राहक हिशेब येथेच थांबवतात. वास्तविक तो येथून सुरू होतो. विमा, टायर, ब्रेक, वार्षिक सर्व्हिस आणि एखादी अनपेक्षित मोठी दुरुस्ती यांसाठी खरेदी किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्याच दिवशी मुदत ठेवीत बाजूला काढता येत असेल, तरच ती गाडी आपल्याला परवडते असे समजावे. ती रक्कम काढल्यावर हात रिकामा होत असेल, तर गाडी आवाक्यात आलेली नाही. केवळ तिचा हप्ता आवाक्यात आला आहे.

यात बँकेच्या कर्मचाऱ्यांचीही भूमिका आहे. जुन्या वाहनाच्या कर्जाचा अर्ज आला, की वय, मूल्यांकन, उत्पन्नाचा दाखला आणि कागदपत्रे तपासून प्रकरण मंजूर करता येते. नियमाने तेवढे पुरते. परंतु अर्ज एखाद्या शक्तिशाली गाडीसाठी असेल, तेव्हा अधिकाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत : ‘गाडी कोणी तपासली?’ आणि ‘बिघडली तर पैसे कोठून आणणार?’ हे प्रश्न अडवणुकीचे नव्हेत, आपुलकीचे आहेत. गॅरेजमध्ये महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा हप्ता भरणे ऋणकोला जड जाते, आणि अशा गाडीचे तारणमूल्यही झपाट्याने उतरते. ग्राहकाचे आणि बँकेचे हित येथे एकच आहे.

शेवटची तपासणी मात्र कोणत्याही यंत्राने होत नाही. २३० अश्वशक्ती हाताळण्याचा संयम आपल्याजवळ आहे का, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारायचे असते. आपले रस्ते पादचाऱ्यांचे, शाळकरी मुलांचे, सायकलस्वारांचे आणि गुराढोरांचेही आहेत. झिजलेला ब्रेक आणि जुना टायर साध्या गाडीत जी चूक पोटात घालतात, ती वेगवान गाडीत घालत नाहीत. आणि त्या चुकीची किंमत दर वेळी चालकच मोजतो असे नाही.

बांगड्या तपासणारा सराफ ग्राहकाच्या भावनेचा अनादर करत नाही. तो केवळ खऱ्याला खरे म्हणतो, म्हणून त्याच्या शब्दावर बँक पैसे देते. जुन्या गाडीच्या खरेदीदाराने स्वतःपुरते तेच काम करायचे आहे. कागद जुळले, इंजिन थंडपणी नीट सुरू झाले, पावत्या बोलल्या आणि बाजूला काढलेली रक्कम ठेवीत जमा झाली, की मग खुशाल चावी हाती घ्यावी. इतक्या परीक्षेतून उतरलेली गाडी मालकाला रस्त्यावर निर्धास्त आनंद देते आणि महिनाअखेरीस शांत झोपही लाभू देते.